पायरीवरची खूण

धाकटीने पायरीच्या कोपऱ्यावर लाल रंगाची फुली मारली, तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"अशा फुल्या पोलीस मारतात, पंचनाम्याला," ती म्हणाली. "आपल्यातलं कोण गेलंय तेवढं सांग."

"कोणी नाही गं. ही माझी खूण आहे. इथून वाळू मोजायची."

"वाळू मोजायला विद्यापीठात घातलं तुला?"

"हो," धाकटी म्हणाली. ते खरंच होतं.

विद्यापीठात किनारा आणि सागरविज्ञान नावाचा एक लहानसा विभाग होता. धाकटी तिथे एम.एस्सी. करत होती. घरात इतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. आबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. आई धाकटी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हातात. थोरली लग्न होऊन लांब गेलेली. गिऱ्हाइकाने विचारलं, की मास्तर, मुलगी काय शिकते, तर आबा तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचे, "समुद्र." त्यात शिकण्यासारखं काय असतं, असं कोणी पुढे विचारलं की टाचण्या पुन्हा तोंडात जायच्या.

प्रकल्पासाठी धाकटीने घरासमोरचाच किनारा घेतला होता. प्रश्न साधा होता: ही वाळू वाढतेय की झिजतेय? कामही सांगायला सोपं होतं. दर महिन्याला उधाणाच्या ओहोटीला, पाणी सगळ्यांत मागे हटलं, की तिपाईवर दुर्बीण लावायची. वर्गातला एक मुलगा आकडे रंगवलेली उंच पट्टी धरायचा. त्याच्या पायांची लांबी बघून सगळा विभाग त्याला बगळा म्हणायचा, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. बगळा पट्टी आधी पायरीवरच्या फुलीवर ठेवायचा, मग थोड्या थोड्या अंतराने वाळूत, थेट पाण्याच्या कडेपर्यंत. पायरीची उंची ठाऊक होती. पायरीपेक्षा वाळू किती खाली ते दुर्बिणीतून दिसायचं. वजाबाकी केली की वाळूची उंची हातात.

पायरीची उंची कुठून आली, हे मात्र सांगायला हवं. सरकारी मोजणीची खरी खूण खाडीच्या टोकाला, दीपगृहापाशी कातळात बसवलेली होती. तिथून टप्प्याटप्प्याने मोजत गल्लीपर्यंत यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि ओहोटी काही कोणासाठी अर्धा दिवस थांबत नाही. म्हणून या कामातले सगळेच एक सोय करतात. एकदा ती उंची खाली आणायची, जवळच्या न हलणाऱ्या एखाद्या वस्तूवर खूण करायची, आणि पुढे दर वेळी तिथूनच मोजायचं. फक्त अधूनमधून वर जाऊन खूण जागेवर आहे ना, ते पाहायचं असतं.

"खूण कशावर केलीस?" मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मॅडम तिच्या मार्गदर्शक. बोलणं कमी, आणि जेवढं बोलायच्या त्यात प्रश्न जास्त.

"आमच्या घराच्या पायरीवर."

"ती हलणार नाही?"

"मॅडम, घर आहे ते."

मॅडम पुढच्या मुलाकडे वळल्या. दीड वर्षात धाकटी एकदाही दीपगृहापर्यंत तपासायला गेली नाही. तो आळस नव्हता. तिने धक्क्यावरची भरतीमापक नळी दर आठवड्याला पुसली होती, दुर्बीण दर महिन्याला तपासली होती, बगळ्याची पट्टीही एकदा पोलादी टेपने मोजून पाहिली होती. घर तपासायचं असतं, हे तिच्या मनातच आलं नाही.

आणि वाळू वाढत होती. फार नाही, दीड वर्षात जेमतेम एक बोट, पण आलेख चढता होता.

एखाद्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पात वाळू बोटभर वर गेली काय नि खाली आली काय, कोणाचं काही अडत नाही. इथे अडत होतं. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली गल्लीतली घरांची रांग पालिकेला टेकडीमागे हलवायची होती. तिथे प्लॉट आखून तयार होते. लोक जायला तयार नव्हते. बऱ्याच बाचाबाचीनंतर पालिकेच्या इंजिनिअरने सांगितलं, की विद्यापीठ इथे मोजणी करतंय, त्यांचा अहवाल येईल तो आम्ही मानू, तुम्हीही माना. विद्यापीठ म्हणजे मॅडम, आणि मॅडमचा अहवाल म्हणजे धाकटीचे आकडे.

आबा एरवी सभेत मागे बसणारे. पण त्या दिवसापासून ते रांगेचे पुढारीच झाले. "माझ्या मुलीने मोजलंय," ते घराघरांत सांगून आले. "वाळू वाढतेय. समुद्र मागे जातोय. कशाला उठायचं?" टोकाच्या घरातले बर्फवाले काका तर पालिकेला होकार देऊन, टेकडीमागची जागा बघूनही आले होते. आबांनी त्यांना दुकानात बसवून चहा पाजला, आलेख दाखवला, आणि होकार मागे घ्यायला लावला.

अहवालावर सही करायच्या आधी मॅडमनी एकच गोष्ट विचारली. "शेवटचं तपासणं कधी केलंस?"

धाकटीने वही उघडली. तशी नोंदच नव्हती.

"करून ये," मॅडम म्हणाल्या. "मग सही."

*

धाकटी आणि बगळा सकाळीच दीपगृहाशी गेले. कातळातल्या पितळी खुणेवर पट्टी ठेवून त्यांनी सुरुवात केली आणि उतारावरून, धक्क्यावरून, मासळीच्या शेडवरून मोजत मोजत गल्लीत आले. शेवटी बगळ्याने फुलीवर पट्टी ठेवली. धाकटीने आकडा घेतला, वजाबाकी केली, आणि म्हणाली, "तू पट्टी वाकडी धरली होतीस."

"मी?"

"मग कोण, मी?"

"पट्टीला पाणसळीचा बुडबुडा आहे. बुडबुडा मध्ये होता. माझ्यावर नाही तर निदान बुडबुड्यावर विश्वास ठेव."

ते परत वर गेले. या वेळी दुर्बीण बगळ्याने बघितली आणि पट्टी धाकटीने धरली. उत्तर तेच आलं. पायरी जिथे असायला हवी होती, तिथून चार बोटं खाली होती.

"दीपगृह वर आलं असेल," बगळा म्हणाला.

धाकटी हसली नाही. धक्क्यावर बंदर खात्याची आणखी एक जुनी खूण होती. ती आणि दीपगृह एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. कोण हललं, यात शंका उरली नाही.

धाकटी भिंतीच्या सावलीत बसली आणि तिने गणित नव्याने मांडलं. ते मांडायला फार वेळ लागला नाही, तेच वाईट होतं. घर चार बोटं खाली गेलं होतं. वाळूही खाली गेली होती, तीन बोटं. खचत चाललेल्या पायरीवरून ती दर महिन्याला वाळू बघत होती, आणि वाळू वर येतेय असं मांडत होती.

बगळा जरा अंतर ठेवून बसला. "हे आता आपल्या दोघांनाच माहीत आहे," तो म्हणाला. मग घाईने, "म्हणजे, मी कोणाला सांगणार नाही. आधी तू सांग, असं म्हणायचंय."

"कळलं मला."

"मी येऊ घरी?"

"नको. तू आलास की आत्या तुला खायला घालत बसेल, आणि माझं बोलणं राहून जाईल."

*

आबा मशीनवर होते. धाकटी दारात थांबली. दुकान तेच, रोजचं, पण आज ती ते मोजायला आलेल्या माणसासारखं बघत होती. मशीनच्या समुद्राकडच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या होत्या. कापायच्या टेबलाच्या त्याच बाजूच्या दोन्ही पायांखाली लाकडाच्या चकत्या.

"हे पुठ्ठे कधी घातलेत, आबा?"

"मशीन म्हातारं झालंय. डुलतं."

"आणि टेबल?"

"त्याचा एक पाय आखूड."

"दोन पाय आखूड? आणि दोन्ही एकाच बाजूचे?"

आबांनी मशीन थांबवलं. आत्या आतून बोलली, "आणि माझं मागचं दार दोनदा घासून दिलंय सुताराने. ओल धरते, म्हणतो. आता ते दार राहिलंय की झाकण, तेच कळत नाही."

तिघांच्याही डोळ्यांसमोर तीच गोष्ट होती. आबांनी दोष मशीनला दिला होता, आत्याने ओलीला. आणि धाकटी तर शिकलेली, तिने दोष द्यायलाही काही पाहिलं नव्हतं.

तिने स्टुलावर बसून सगळं सांगितलं. आबांना समजावं म्हणून तिने टेबलावरची पट्टी उभी धरली, शेजारी दोऱ्याचं रीळ ठेवलं, आणि पट्टी हळूहळू खाली नेत रीळ वर चढल्यासारखं कसं दिसतं ते दाखवलं. आबांनी ते एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा दाखवायला लागली तेव्हा म्हणाले, "कळलं. लहान नाही मी."

आबांनी अर्धवट शिवलेली बाही हातात घेतली.

"अजून कोणाला माहीत आहे?" आबांनी विचारलं.

"बगळ्याला. उद्या सकाळी मॅडमना सांगणार."

"सांगायलाच हवं?"

धाकटीने वर पाहिलं. आबांचं लक्ष हातातल्या बाहीवर होतं.

"मॅडम काय इथे येऊन बघणार आहेत का," ते बाहीकडे बघतच म्हणाले. "चार बोटं. माणूस उठता-बसता चार बोटं वर-खाली होतो. हे घर माझ्या बापाने बांधलं. मी काय सांगू लोकांना? परवापर्यंत दारोदार फिरून सांगत होतो."

"मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे. बर्फवाल्याला मी हाताला धरून परत आणलं. तो निघाला होता, मी आणलं. तुझ्या आकड्यावर."

हे बोलणं तिला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"आबा, तुम्ही म्हणत असाल तर मी लोकांना सांगेन. तुम्ही समोर येऊ नका. चूक माझी आहे. पण सांगणार नाही, असं होणार नाही. पुढच्या वादळात दुकानामागची ही मधली भिंत आत कोसळली, तर आत्या त्याच भिंतीला टेकून झोपते."

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. "मला मध्ये घेऊ नका," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण टेकते खरी."

आबांनी बाही खाली ठेवली. पाय पुन्हा मशीनवर गेला, पण मशीन चाललं नाही.

*

मॅडमनी आकडे दोनदा वाचले. धाकटी ओरडा खायच्या तयारीने आली होती, तो मिळाला नाही. उलट मॅडमनी तिला खुर्ची ओढून दिली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सुरुवातीची उंची खरी. आजची खरी. मधल्या महिन्यांत पायरी कधी किती गेली, हे आपल्याला माहीत नाही."

"नाही."

"म्हणजे मधले आकडे वापरता येणार नाहीत. आणखी एक सत्र लागेल. नव्याने, धक्क्याच्या खुणेवरून."

"हो, मॅडम."

"पायरीच का निवडलीस?"

धाकटी खूप विचार करून ठेवलेलं उत्तर ऐन वेळी विसरली. "ती रोज दिसायची," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "माझ्या पहिल्या कामात मी एका झाडावर खिळा मारला होता. ते झाड कोणीतरी तोडून नेलं. मला निदान कळलं तरी. तुझं घर जागेवर उभं राहून खाली जात होतं." मग त्यांनी फोन उचलला. "इंजिनिअरला मी सांगते. लोकांना तू सांग. माझ्याकडून ऐकलं तर ते तुझ्या वडिलांवर चिडतील. तुझ्याकडून ऐकलं तर तुझ्यावर चिडतील. ते बरं."

*

संध्याकाळी रांगेतली माणसं दुकानात जमली. बसायला जागा नव्हती, म्हणून काही जण पायरीवर उभे राहिले. धाकटी बोलायला उठली, तेवढ्यात आबा म्हणाले, "मी बोलतो." आणि ते बोललेही. लांबण लावली नाही. घर खचतंय, आकडा चुकला होता, मी सांगितलं ते मागे घेतो.

बर्फवाले काका टेबलाला टेकून उभे होते. "मास्तर, मी निघालो होतो. तुम्ही मला परत आणलंत."

"आणलं."

"आता म्हणता जा."

"आता म्हणतो."

"आणि उद्या?"

काही जण हसले. आबांनी मान हलवली. "गेल्या हिवाळ्यात तुमचा कोट शिवला. काखेत कमी पडला. मी तेव्हा काय म्हणालो?"

"मी जाड झालो, म्हणालात."

आता सगळेच हसले. आबांचे कान लाल झाले. "म्हणालो खरं. पण दुसऱ्या दिवशी उसवून नीट करून दिला ना? तसंच समजा."

"कोट वेगळा, घर वेगळं," काका म्हणाले. पण आवाज उतरला होता. मग ते धाकटीकडे वळले. "आणि तू गं. तू मोजलीस ती तुझी पायरी. तुझ्या एका पायरीवरून आम्ही सगळ्यांनी का उठायचं? आमची घरं मोजलीस का?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते आपल्याला आधी सुचलं नाही, याचं धाकटीला वाईट वाटलं. "उद्या मोजते," ती म्हणाली. "सगळी. ही रांग एकाच गवंड्याने एका पाणसळीत बांधली ना?"

"एकाच," एक म्हातारी पायरीवरून म्हणाली. "सगळी जोती एका रेषेत. माझ्या सासऱ्यांना त्याचं फार कौतुक होतं."

"मग कोण रेषेतून उतरलं, ते कळेल."

दुसऱ्या दिवशी ओहोटीची वाट पाहायची गरज नव्हती. तिपाई रस्त्यावर लागली. बगळा एकेका दारात जाऊन जोत्यावर पट्टी धरू लागला, आणि त्याच्या मागून अख्खी रांग. माणसं आपल्या घराचा आकडा ऐकायला श्वास रोखून उभी राहत होती. शिंप्याच्या दाराशी आल्यावर आबांनी बगळ्याच्या हातातून पट्टी घेतली.

"सरळ धरायची, एवढंच ना?"

"बुडबुडा मध्ये ठेवायचा, आबा," बगळा म्हणाला.

आबांनी पट्टी धरली. गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेताना धरायचे तशी, हलक्या हाताने. धाकटीने दुर्बिणीतून पाहिलं. टोकाच्या घरापेक्षा चार बोटांहूनही जास्त फरक होता. खचणं तिच्या फुलीच्या आधीपासून चालू होतं.

"किती?" आबांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"लिही."

दुपारपर्यंत चित्र उभं राहिलं. मधली घरं उतरली होती. सगळ्यांत जास्त शिंप्याचं आणि त्याला लागून असलेलं म्हातारीचं. दोन्ही टोकांची घरं जागच्या जागी होती. टोकाशी वाळूखाली कातळ येत होता. त्यावर बर्फवाल्या काकांचं घर इंचभरही हललं नव्हतं.

काकांना हे कळल्यावर आधी चेहरा खुलला, मग त्यांनी आबांकडे पाहिलं, आणि चेहऱ्याचं काय करावं ते त्यांना समजेना.

"म्हणजे मी राहू?"

"घर राहील," धाकटी म्हणाली. "समोरची वाळू राहील असं मी म्हणत नाही. ती कमी होतेय. मी दर महिन्याला सांगत जाईन."

"आणि तुम्ही, मास्तर?"

"मी निघतो," आबा म्हणाले. "तुमच्या आधी निघायला हवं होतं."

काका थोडा वेळ पायाने वाळू उकरत राहिले. "ते मशीन न्यायला सांगा मला," ते म्हणाले. "बर्फाची गाडी आहे. ओली असते जरा, पण पुसून देईन."

*

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर मधल्या घरांतल्या लोकांना टेकडीमागे घेऊन गेला. चुन्याच्या रेषांनी आखलेले प्लॉट, मधून कच्चा रस्ता, वारा भरपूर. समुद्र दिसत नव्हता. तो फक्त ऐकू येत होता, तोही वाऱ्याची दिशा बरोबर असली तर. आत्याने साडीचा पदर डोक्यावर घट्ट धरला आणि म्हणाली, "इथे निदान काही गंजणार नाही."

इंजिनिअर नकाशा उघडून नंबर वाचत होता. आबा त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"यातल्या कुठल्या जागेला पुढची खोली उत्तरेकडे येते?"

"तसं काही आखलेलं नाही," इंजिनिअर म्हणाला. "क्रमाने द्यायचे आहेत."

"क्रमाने द्या. पण उत्तर लागते मला. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची शिवण उन्हात दिसत नाही, डोळे फुटतात. सावलीचा, एकसारखा उजेड लागतो. दिवसभर."

"दिव्याखाली शिवा."

"तुमचा शर्ट दिव्याखालीच शिवलाय," आबा म्हणाले. "खिसा बघा."

इंजिनिअरने खिशाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ नकाशाकडे. धाकटीने त्याच्या हातातला नकाशा फिरवला, प्रत्यक्ष रेषांशी जुळवून धरला, आणि रस्त्यापलीकडच्या एका तुकड्याकडे बोट केलं. "हा. समोर उत्तर. पाणी तुंबेल असाही नाही, मला वाटतं. पण मोजल्याशिवाय सांगत नाही."

"मग मोज," आबा म्हणाले.

बगळा गाडीतून दुर्बीण उतरवायला खाली गेला. आबा चुन्याची रेष ओलांडून त्या तुकड्यात शिरले, इकडे तिकडे पावलं टाकली, आणि एका जागी गवतात पाय रोवून उभे राहिले.

"मशीन इथे," ते म्हणाले. "दार तिकडून."

"प्लॉट अजून मिळालेला नाही तुम्हाला," इंजिनिअर म्हणाला.

"माहीत आहे," आबा म्हणाले, आणि कापायचं टेबल कुठे बसेल ते बघायला आणखी आत गेले.